बॅटरीवरचं घड्याळ

वरंधच्या रखमाकाकी ठार बहिऱ्या. विजेवर चालणारं लग्नातलं घड्याळ त्यांनी महाडला सदूकडे दुरुस्तीला आणलं. जुन्या घड्याळांत त्याचा हात कुणी धरत नसे. डोंगरात लाईट सारखी जाते, काकींना दर खेपेला काटे फिरवत बसावं लागेल, म्हणून त्याने न विचारताच ते बॅटरीवर करून दिलं.

महिन्याभराने काकी घड्याळ घेऊन परत आल्या. कपाळ मोकळं होतं.

"बंद पडलं काय?" सदूनं खुणेनं विचारलं.

"घरात ह्यांना ऑक्सिजनचं मशीन होतं रे. त्याचा आवाज मला येत नाय. घड्याळाचा काटा थांबला, की लाईट गेली समजायचं आणि धावत जाऊन सिलिंडर लावायचा.



त्या दिवशी लाईट गेली, पन काटा फिरतच राहिला."