द्वारकाबाईंवरचा कवडसा

बेटम्याच्या रस्त्यावर चिंचेखाली एक पाणपोई होती. तिचं चित्र मी सलग चौथ्या दुपारी रंगवत होतो. उद्या ते मध्यभारताच्या प्रदर्शनाला पाठवायचं होतं. पुरं केल्याशिवाय आज उठायचंच नाही, असं ठरवून बसलो होतो.

पानांतून गळणारे कवडसे रांजणांवर, धुळीवर, माझ्या हातांवर हलत होते. पाणी देणाऱ्या द्वारकाबाईंवर मात्र एकही पडत नव्हता.

"बाई, जरा इकडे सरका."

त्या सरकल्या. कवडसे बाजूला झाले.

"रहने दे भिया," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगाला ऊन लागतच नाही. किती वर्षं झाली. तू आपलं झाड काढ."

"कवडशाशिवाय तुम्ही चिकटवल्यासारख्या दिसता."

मी हट्टाने ब्लेड घेतलं आणि चित्रातल्या त्यांच्या गालावरचा रंग खरवडून खालचा पांढरा कागद उघडा केला.

"अगंबाई, गरम लागतंय!" द्वारकाबाईंनी गाल चाचपला. तिथे रुपयाएवढा कवडसा थरथरत होता. त्या हसत उठल्या आणि भर उन्हात चालू लागल्या.

मी सही करायला ब्रश उचलला. कवडसे कागदावर होते, ब्रशवर होते. मी हात पुढे नेला.

ते बाजूला झाले.