पाठीराखा

उद्या आमच्या ह्यांचा सत्कार. जन्मभर शब्दांची मुळं खणली म्हणून! स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा शब्दकोश चाळता चाळता ह्यांनी मला भाषण ऐकवायला घेतलं.

“‘पाठीराखा’ हा शब्द बघ. लढणाऱ्याला मागचं दिसत नाही. तेव्हा त्याची पाठ राखतो, तो पाठीराखा.”

स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास येत होता, तरी मी जागची हलले नव्हते.

“मग पुढे काय बोलणार?”

“खरं तेच. असा पाठीराखा मला कधी मिळालाच नाही. जे केलं, ते एकट्यानं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मघापासून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलेलं ते डुगडुगतं स्टूल मी सोडून दिलं.

“मी दूध बघते,” म्हटलं. “तुम्ही उतरा. एकट्यानं.”