तीन मात्रांची रिकामी जागा

टक, टक, टक.

थोरलीनं मेंडोलिन खुर्चीवर ठेवलं, तारा छेडायची नखी दातात धरली आणि आतल्या खोलीत धावली. आई खाटेवर उताणी पडलेली, डाव्या हातात चमचा. दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो एवढा हात. खाटेच्या लोखंडी कठड्यावर चमचा एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की कूस बदलायची, तीनदा वाजला की हातातलं टाकून ये. ही पद्धत थोरलीनंच लावली होती आणि आता ती तिच्याच गळ्यात पडली होती.

पाणी हवंय का? आईनं डोळे मिटले, म्हणजे नाही. उशी? नाही. चादर ओली झाली? नाही. पंखा? तोही नाही. मग आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती चिडलेली दिसत होती. रोजच दिसायची.

"मग बोलावलंस कशाला गं?" थोरली म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाहेर आली.

वर्षभर हेच चाललं होतं. दिवसभर घरात बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, मध्ये मध्ये आईचं करायचं. दाराला कुलूप नव्हतं, पण कुठं जायची सोय नव्हती. आठवड्यातून एकदा शेजारीण अर्धा तास आईजवळ बसायची, तेवढ्यात थोरली कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे पळायची. घड्याळजींचा सात जणांचा मेंडोलिनचा ताफा होता. ते तिला वॉल्ट्झ शिकवत होते. कुठल्याशा डोंगराळ मुलखातली जुनी लोकधून, तीन मात्रांची, ऐकणाऱ्याचा पाय हलल्याशिवाय राहू नये अशी. त्यांचा नियम कडक होता. आधी ज्यानं त्यानं आपलाच भाग पक्का करायचा, दुसऱ्याचा ऐकायचासुद्धा नाही. थोरलीच्या भागात दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीन मात्रा रिकाम्या होत्या. तिथं हात थांबवून मोजायचं. पहिले दोन-तीन महिने तिनं घरी मोठ्यानं मोजलं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पुढं सवय झाली, मग मनातल्या मनात.

आणि तेव्हापासून तो चमचा मागं लागला. धून जरा रंगात आली की टक, टक, टक. दार लावून पाहिलं, वेळ बदलून पाहिली. चमचा चुकला नाही. आईला आपलं एवढंसं सुखही बघवत नाही, असं थोरलीला वाटायला लागलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायला लागली. तिला घरी एकदाही धून शेवटापर्यंत नेता आली नव्हती.

शेवटी धाकट्या भावानं फोनवर सांगितलं, ताई, तू स्वतःला पुरून घेतेयस, आईला शुश्रूषागृहात ठेवू. फॉर्म आला. थोरलीनं तो सकाळी भरला. 'रुग्ण कशात भाग घेतात?' असा एक रकाना होता. तिनं लिहिलं, 'कशातच नाही.' सही तेवढी राहिली होती. पाच वाजता तिथल्या बाई फॉर्म न्यायला येणार होत्या.

चार वाजता घड्याळजी आले. रविवारपासून ती ताफ्यात बसणार, त्याआधी एकदा जोडीनं वाजवून बघू म्हणाले. त्यांनी पिशवीतून मेंडोला काढला. मेंडोलिनचं थोरलं भावंड, अंगानं मोठं, आवाजानं जड. फॉर्म बाजूला सारून दोघं बसले. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. रिकामी जागा आली, घड्याळजींनी नखी उचलली, तोच आतून आलं, टक, टक, टक.

थोरली सवयीनं उठली.

"बसा हो ताई," घड्याळजी म्हणाले. त्यांची मान कलली होती, बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरावं तशी. "पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि त्या जागी मी वाजवणार नाही."

तिनं पुन्हा घेतलं. रिकामी जागा आली. घड्याळजींचे हात मांडीवर होते. आतून तीन ठोके आले. पहिला जरा जड, पुढचे दोन हलके. एका केसाचाही फरक नाही.

"हा भाग माझा आहे," घड्याळजी हळूच म्हणाले. "मेंडोलाचा. त्यांना कुणी शिकवला?"

थोरलीला आपलाच आवाज आठवला, सुरुवातीचे महिने दाराआडून एक-दोन-तीन मोजणारा; तो थांबला तेव्हाच चमचा सुरू झाला होता. मग भिंतीकडे फिरलेलं ते तोंड आठवलं. दर वेळी धावत जाऊन धून तिनंच मोडली होती. तिला रडू आलं. ते तिनं आवरलंही नाही.

खुर्च्या उचलून दोघं आतल्या खोलीत गेले. या वेळी तिनं पाणी विचारलं नाही. वाजवायला सुरुवात केली, आणि रिकाम्या जागी आईकडे बघत थांबली. ठोके पडले. धून पुढं गेली, पुन्हा त्या जागी आली, पुन्हा ठोके पडले, आणि या घरात पहिल्यांदा शेवटापर्यंत पोचली. आईनं तोंड फिरवलं नव्हतं. घड्याळजी म्हणाले, रविवारी आम्ही सगळे इथंच येतो.

पाच वाजता बेल वाजली. बाईंनी दारातच फॉर्म वाचला. सही नव्हती. एका रकान्यातलं 'कशातच नाही' खोडलेलं होतं, आणि त्याखाली ताज्या शाईत एकच शब्द होता: 'मेंडोला.'