राणीच्या गालावरची सावली

रिसोडच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये सरांनी जुन्या काळच्या एका राणीचं छापील चित्र सगळ्यांना दिलं आणि जलरंगात त्याची हुबेहूब नक्कल करायला सांगितली. राणीच्या उजव्या डोळ्याखालची निळसर-पिवळट सावली काही केल्या कोणाला जमेना. सगळ्यांचे रंग गढूळ होऊन बसले. साधनाला मात्र ती पहिल्याच फटकाऱ्यात जमली. क्लासला जाते म्हणून नवऱ्याने, पवनने, परवाच तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं आणि डाव्या हाताचा ठोसा उजव्या डोळ्याखाली हाणला होता. घरी आरशात पाहिलेला तोच रंग तिने कागदावर उतरवला.

सर चित्रावर खूश झाले. ओढणीआडच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

संध्याकाळी सासूने, प्रयागबाईने, सरांनी दिलेलं ते छापील चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

"हे सावलीच जमत नव्हती कोणाले," साधना म्हणाली.



"सावली कायची व माय," स्वतःच्या उजव्या गालावरून हात फिरवत प्रयागबाई म्हणाली, "हिचा राजाबी डावखुराच दिसते, तुह्या सासऱ्यावानी."