तीन भोकं

आमच्या शाळेत बोलिंग, म्हणजे जड बॉल घरंगळवत सोडून पिना पाडायचा खेळ, सुरू व्हावा म्हणून मी आणि ब्रीना दोन हिवाळे बर्फातून दारोदार सह्या मागत फिरलो. बॉल एकच होता, माझा. बोटांचं माप सारखं, म्हणून त्याची बोटं घालायची तिन्ही भोकं दोघींना बसायची. आज कोचबाईंनी पहिल्या संघाची यादी लावली. ब्रीना होती, मी नव्हते. "तुझं मनगट दुखतं म्हणे," कोचबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." मनगटाचं मी फक्त ब्रीनाला सांगितलं होतं. तिनंच मला दारात गाठलं. "रागावू नकोस गं, जागा एकच उरली होती. शनिवारी मॅच आहे, बॉल देशील ना?" "देईन की." तशीच मी वॉल्टकाकांकडे गेले. बॉलला मापाची भोकं पाडणं हाच त्यांचा धंदा. "काय गं, घट्ट होतायत?" "नाही काका. तिन्ही भोकं बुजवून टाका. शनिवारी बॉल ब्रीनाला द्यायचाय."