सातवी कामवाली

"खाली या, बाबा. अजून खाली. हां, तीच. सातवी कामवाली."

बाबांचा हात माउसवर होता. सुरुची त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी होती. मागे भसीन साहेब. पंजाबी, टक्कल, हातात चहाचा कप, नजर स्क्रीनवर.

"बेटी क्या कह रही है, श्रीरंग?"

"कुछ नहीं सर. घर की बात है. कामवाली नहीं आई."

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहताना आई बाजारात हेच करायची. दुकानदाराशी हिंदी, लेकीशी मराठी. "उठून चालायला लाग, आत्ता हाक मारेल बघ." आणि तो भाव उतरवून हाक मारायचाच! दिल्लीत मराठी म्हणजे चारचौघांत ओढून घ्यायचा पडदा होता.

मग बाबांनी सरकारी नोकरी सोडली. फरीदाबादच्या या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कंपनीत, मुलाखतीत, 'सर्व्हर सांभाळता येतो का' या प्रश्नाला छाती फुगवून हो म्हणाले. येत नव्हता. येत होता तो सुरुचीला. अकरावीतली सुरुची शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्येच पडीक असायची. ती जेवताना सांगायची, बाबा ऑफिसात जाऊन करायचे.

शुक्रवारीही तिनेच सांगितलं होतं. "मशीन चालू झालं की मागे काम करणाऱ्या ढीगभर सर्व्हिसेस उगाच उठून बसतात. नको त्या डिसेबल करून टाका. बिल्कुल पळेल!"

मशीन पळालं. फक्त शनिवारी एकाही डीलरची ऑर्डर आत आली नाही. ऑर्डरी घेणारी, यादीतली सातवी सर्व्हिससुद्धा बाबांनी बंद करून टाकली होती.

आज रविवार. साहेबांनी बोलावलं होतं, "मेरे सामने ठीक करो." पोरगी घरी एकटी कशी ठेवू, असं सांगून बाबा तिला घेऊन आले. क्वार्टर केव्हाच परत केलेलं. ही नोकरी गेली तर जायचं कुठे?

सुरुचीच्या तळव्यांना घाम फुटला होता आणि दात मात्र वाजत होते.

"बाबा, मला कुडकुडायला होतंय."

साहेब उठले, एसीचं बटण जरा मागे फिरवलं आणि पुन्हा बसले.

"आपणच काढून टाकलंय ना तिला," सुरुची अगदी घरच्यासारखी बोलत राहिली. "तिला सांगा, रोज सकाळी आपणहून यायचं. पहिलं नाव निवडा. ए-वरून."

बाबांनी 'ऑटोमॅटिक' निवडलं. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून चौकट मिटवली.

"झालं."

"आता टकलूकडे बघू नका. घाम पुसा आधी."

साहेबांनी डोक्यावरून सावकाश हात फिरवला. "यह बंद किसने किया था?"

सुरुची बाबांकडे वळली. ती हसली, जणू संध्याकाळच्या भाजीचं विचारतेय.

"तुमच्या ऑफिसातल्या त्या धवलचं नाव सांगा. सुट्टीवर आहे तो. चलो बाबा, पटकन!"

बाबांनी खुर्ची साहेबांकडे वळवली.

"मैंने, सर. गलती मेरी है."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "रीस्टार्ट करो."

स्क्रीन काळा झाला. पंखा घरघरला. सुरुचीने मनात आकडे मोजले, मध्येच चुकली, पुन्हा एकपासून सुरू केले. अखेर यादी उघडली. सातव्या ओळीपुढे तोच शब्द होता. डिसेबल्ड.

"बाबा... ती आली नाही."

"मग आता?"

"मला नाही माहीत."

हे वाक्य तिने बाबांना आजवर कधी ऐकवलं नव्हतं. सगळं तर बरोबर सांगितलं होतं! बाबांनी डोळे मिटले. खिशातली ऑफिसची किल्ली काढून त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

मागची खुर्ची करकरली. साहेबांनी कप खाली ठेवला. ते दोघांच्या मधून स्क्रीनवर वाकले आणि किल्ली बाबांच्या खिशात परत टाकली.

"बाळ," साहेब म्हणाले, "कामवालीला रोज यायला सांगितलंस, पण 'अप्लाय' न दाबताच फुली मारलीत. टकलूला विचारायचं होतंस."