पहिल्यापासून सांग

“जिना कसा होता, ते मी विचारलेलं नाही. तुम्ही वर्गात का नव्हतात, तेवढंच सांगा,” चौकशीला आलेले साहेब म्हणाले.

दुसरीच्या वर्गाच्या बाई उभ्याच होत्या. खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या, पण ‘बसा’ म्हणायला कुणाची जीभ वळली नव्हती.

“मला मोजणीला पाठवलं होतं, साहेब. घरोघर जाऊन माणसं मोजायची. मोठ्या बाईच त्या दिवशी सकाळी म्हणाल्या, वर्ग मी बघते, तुम्ही निघा.”

“मी?” मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि खोकल्या. त्यांनाच सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, आणि त्यांचा तो खोकला साऱ्या शाळेला पाठ होता. तोंड उघडायच्या आधी एक, मध्ये एक, यायचाच. “काय वाट्टेल ते बोलताय! मोजणी पुढच्या आठवड्यात होती. लेखी आदेश आहे तुमच्याकडे?”

लेखी आदेश कुठला असणार? या शाळेत खुलासे तेवढे लेखी मागायचे. राबवून घ्यायचं ते सगळं तोंडी.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“झालं तर मग!” भिंतीला टेकून उभा असलेला मुलीचा बाप उसळला. “माझ्या पोरीचा हात मोडला आणि ह्या उन्हातान्हात फिरायला गेलेल्या! घरी बसवा यांना, साहेब. कायमचं.”

साहेबांनी मान हलवली. घरी बसवायचं, हे त्यांचं येतानाच ठरलं असावं. तसं झालं की प्रकरण मिटणार होतं. जिना दुरुस्त करायलाही नको आणि कुणाला जाब द्यायलाही नको.

माळ्यावर जाणारा तो लाकडी जिना वर्षभर कुजत होता. बाई कानीकपाळी ओरडून थकल्या होत्या. निदान जिन्याच्या दाराला कुलूप तरी लावा म्हणाल्या होत्या. त्यावर मोठ्या बाईंचं उत्तर ठरलेलं, “तुम्ही शिकवा. इमारत मी बघते.” आणि परवा दुसरीतली पोर चढली, पायरी तुटली.

पोरं मोकळी सुटली की चढणारच, हे बाईंनाही कळत होतं. आपण गेलोच नसतो तर, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता. संताप मोठ्या बाईंचा येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“मुलीला आणा,” साहेब म्हणाले.

मुलगी आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात पट्टा. शाळेत तिला ‘टेप’ म्हणत. हे नाव मोठ्या बाईंनीच कौतुकाने ठेवलं होतं. शिकवायची त्यांची एकच तऱ्हा होती. माझ्यामागे म्हणा, एक शब्द गाळायचा नाही. त्यांनी एकदा म्हटलं की टेपला ते जसंच्या तसं पाठ. पाढे म्हणताना मोठ्या बाई जिथे खोकलेल्या असत, तिथे तीही खोकायची. पाहुणे पोट धरून हसायचे, आणि मोठ्या बाई टाळ्या वाजवायच्या.

बाईंना मात्र ते बघवायचं नाही. पोरीने एक तरी वाक्य स्वतःचं बोलावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं. त्यावरूनही त्यांना खडे बोल ऐकावे लागले होते. पाठ करून घेता येत नाही म्हणून नसते चाळे करता, असं मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

“घाबरू नकोस हं,” साहेब पोरीला म्हणाले.

“घाबरेल कशाला? कालच जवळ घेऊन समजावलंय मी तिला,” मोठ्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या. “हं बाळ, बोल. आमच्या बाई...”

टेपने नजर छताला लावली. “आमच्या बाई आम्हाला न सांगता बाहेर गेल्या. आम्ही खूप दंगा केला. मी आपली आपण जिन्यावर चढले. मला कुणी चढायला सांगितलं नव्हतं.”

“ऐकलंत?” बाप बाईंच्या अंगावर धावलाच. “ऐकलंत का आता?”

बाई पोरीकडे वळल्या. याच पोरीच्या वेण्या त्यांनी कितीदा नीट घातल्या होत्या. “बेटा,” त्या कशाबशा म्हणाल्या, “माझ्याकडे बघून बोल ना.”

“खबरदार!” मोठ्या बाई कडाडल्या. “साहेबांसमोर लेकरावर दबाव आणताय? शरम नाही वाटत?”

“गप्प राहा हो तुम्ही,” साहेबांनीही बाईंनाच झापलं. मग पेनाचं टोपण काढून कागद पुढे ओढला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“फार भराभर बोलतेस गं तू,” साहेब टेपला म्हणाले. “मला लिहून घ्यायचंय. पहिल्यापासून सांग बघू.”

“अगदी पहिल्यापासून?” टेपने विचारलं.

“अगदी पहिल्यापासून. एक शब्द गाळायचा नाही.”

“चुकायची नाही ती, साहेब,” मोठ्या बाई खुर्चीत मागे रेलल्या. “माझ्या हाताखाली तयार झालीय. म्हण बाळ.”

टेप ताठ उभी राहिली, एकदा खोकली आणि सुरात सुरू झाली, “दार लाव आणि इकडे ये. चटया काढायला मी तुला वर चढवलं हे कुठे बोललीस, तर दुसराही हात मोडून ठेवीन. तुमच्या बाईंना मोजणीला धाडलंय असं मी वर्गात म्हणाले होते, तेही विसरायचं. रडणं बंद कर. आता माझ्यामागे म्हण, आमच्या बाई...”